टायगर राखेल म्हणून मंगरूळपीरला नेला

आधी मेहरूनआपांचं नाव लिहिते, मग बाकीचं. मंगरूळपीरच्या गल्लीत गाद्या आणि रजया भरणाऱ्या मेहरूनआपा नसत्या, तर मी एक तर पहिल्याच दिवशी उलटी देवगडला पळाले असते, नाही तर लेकीच्या घरात कडी लावून बसले असते आणि माझी नात मला लोकांनी सांगितल्यावर कळली असती. शाळा मी सातवीत सोडली. लिहायची सवय नाही. पण परत आल्यापासून वाडीतली एकूण एक बाई एकच विचारते, "टायगरनं राखलं ना गो तुला?" प्रत्येकीला नव्यानं सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

टायगर म्हणजे माझा कुत्रा. तांबूस रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. नाव नवऱ्यानं ठेवलं आणि तो ट्रॉलरवर निघून गेला. नावाला जागायचं काम टायगरवर पडलं. आमच्या अंगणात तो खरोखर वाघ. पोस्टमन फाटकाबाहेरूनच हाक मारतो. नारळ पडला तरी टायगर त्याच्यावर भुंकतो.

माझी लेक प्रज्ञा मंगरूळपीरच्या दवाखान्यात नर्स आहे. जावई नितीन वीज खात्यात, खांबावर चढणारा. प्रज्ञाचे दिवस भरत आले आणि नितीनची आई रिसोडला थोरल्याकडं गुडघे धरून बसलेली. तेव्हा मीच जायचं ठरलं. मी कोल्हापूरच्या पलीकडं कधी गेलेली नव्हते. नितीन फोनवर सहज बोलून गेला, "आई, उन्हाचं सांभाळा. अन् गल्लीत कुत्रे लय हायेत, बाकी काही नाई." झालं. बाकी काही नाही, हे माझ्या कानात शिरलंच नाही. चार घरी चर्चा झाली आणि सगळ्यांनी सल्ला दिला की टायगरला घेऊन जा, तो राखेल. तसंही नवरा समुद्रावर, टायगरला मागं कोण जेवू घालणार?

वाशीम, आणि पुढं जीपनं

शेजारचा विलास हापूसच्या पेट्या घेऊन वाशीमच्या बाजारात निघाला होता. त्याच्या पिकअपमध्ये पुढं मी, पायाशी टायगर. वाटेतलं काही सांगण्यासारखं नाही, टायगर दोनदा ओकला एवढंच.

वाशीमला उतरले आणि पहिली गोष्ट कळली की घाम येत नाही. आमच्याकडं उन्हाळा म्हणजे अंगाला चिकटलेलं लुगडं. इथं ऊन कोरडं, भट्टीचं दार उघडल्यासारखं तोंडावर येतं आणि घाम बाहेर पडायच्या आधीच वाळतो. दुसरी गोष्ट, नजर कुठं अडत नाही. आमच्याकडं चार पावलांवर चढ, माड, नाही तर दुसऱ्याच्या आवाराचा दगडी गडगा. इथं नांगरून ठेवलेली काळी रानं थेट आभाळापर्यंत गेलेली. मला उगाचच उघड्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं. टायगरलाही वाटलं असावं. लघवीला जाण्याजोगं झाड शोधत तो बराच हिंडला.

एसटीचा कंडक्टर कुत्र्याला नाही म्हणाला. मग जीप. जीपवाल्यानं मला मागं बसवलं, टायगर मांडीखाली. समोर पांढऱ्या टोपीचे एक आजोबा होते. बराच वेळ टायगरकडं बघून त्यांनी विचारलं, "बाई, चावते का?"

"नाही हो, कधीच नाही," मी घाईघाईनं सांगितलं. गाडीतून उतरवतील ही धास्ती.

"मंग पाळलं काहून?"

आख्खी जीप हसली. मी म्हटलं, राखणीला. आजोबांनी वाकून टायगरचा चेहरा नीट पाहिला. "याच्या राखणीले दुसरं एक ठेवा," ते म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

गल्ली

नितीन मोटारसायकल घेऊन स्टँडवर आला होता. माझं सामान गाडीवर टाकून तो पुढं गेला आणि मी टायगरला दोरीनं धरून मागून चालत निघाले. गल्लीच्या तोंडाशी कुत्री पडलेली होती. मी आल्यावर एक उठलं, मग दुसरं, मग सगळीच. सगळ्यांत पुढं एक काळं, रुंद छातीचं, कानाचा तुकडा गेलेलं. गुरगुरत नव्हतं, नुसतं बघत होतं. ते जास्त वाईट.

मी टायगरकडं पाहिलं. टायगर नव्हता. दोरी माझ्या मागं गेलेली होती आणि माझ्या लुगड्याच्या घोळाखालून एक उभा कान तेवढा दिसत होता.

घाबरून मी त्याला उचलून छातीशी धरला. इथंच चुकलं. सगळी कुत्री एकदम अंगावर उड्या घ्यायला लागली. मी ओरडले. टायगरही ओरडला, पण कुत्र्यांवर नाही, माझ्याच कानात.

"ए काल्या! चूप बैस! पाव्हणे हायेत."

ओट्यावर एक वयस्क बाई पसरलेल्या रजईत पाय सोडून बसल्या होत्या. डोक्याला ओढणी, हातात लांबलचक सुई, केसांत आणि भुवयांत कापूस. त्या उठल्यासुद्धा नाहीत. पण काळं कुत्रं बसलं आणि त्याचं बघून बाकीची बसली.

"कुत्रं खाली ठेवा, बाई," त्या म्हणाल्या. "वर उचललं की त्यायले वाटते, बाई काही खायाचं लपवून राह्यली."

"खाली ठेवलं तर फाडतील हो त्याला!"

"काई नाई फाडत. हुंगतीन. तुमी नव्या घरी गेल्या तं पाहत नाई का इकडंतिकडं? ठेवा."

ठेवला. हुंगलं. टायगर पाठीवर पडला आणि चारही पाय वर करून गल्लीच्या स्वाधीन झाला.

"हा राखणीले आनला?" बाईंनी विचारलं. ओढणीत तोंड लपवून त्या इतक्या हसल्या की सुई खाली ठेवावी लागली. या मेहरूनआपा. वयानं मोठ्या म्हणून मी आपा म्हणायला लागले, त्या मला शेवटपर्यंत बाईच म्हणाल्या.

पिशवी

प्रज्ञा अवघडलेली, तरी ड्युटीवर जात होती. स्वयंपाक माझ्याकडं आला. मी तांदळाची भाकरी थापायची आणि नितीन ती हातावर तोलून म्हणायचा, "आई, हे तं कागद हाय." त्याला ज्वारीची जाड भाकर, वर मिरचीचा ठेचा. ठेचा मी पहिल्यांदा खाल्ला आणि नळाखाली तोंड धरलं, तर नळाला पाणी नाही. पाणी कोणत्या दिवशी येतं ते तिथं बायांना तोंडपाठ असतं. भरलेल्या पिंपाशी मी वाडीतल्यासारखा तांब्यावर तांब्या ओतत उभी राहिले की प्रज्ञा आतून नुसती खाकरायची. मी तांब्या ठेवायची.

पण माझं मन कुत्र्यांत. मी भाजीला निघाले की गल्लीतली झाडून सगळी कुत्री माझ्या मागं. प्रज्ञाच्या मागं जात नाहीत, नितीनकडं बघतही नाहीत. मलाच नेमकं हुंगायचं, पिशवीशी नाक लावायचं, आडवं यायचं. मी थांबले की थांबायचं. टायगर घरात असला की दारामागून असा भुंकायचा की भांडी वाजावीत. दार उघडलं की पलंगाखाली. दोनदा मी अर्ध्या वाटेतून परत फिरले आणि नितीनला सांगितलं, भाजी महाग होती.

रात्री मला एकच काळजी. पोरीला ऐन वेळी दवाखान्यात न्यायचं झालं, नितीन कुठल्या तरी खांबावर असला, तर मी या गल्लीतून बाहेर कशी पडणार? एवढ्या लांब आले ती लेकीजवळ असावं म्हणून, आणि मला दवाखान्यापर्यंतची वाट चालता येत नाही.

शेवटी आपाच घरी आल्या. बाळासाठी छोटी रजई भरायची म्हणून माप विचारायला. चहा घेता घेता वास येऊन त्यांनी नाक आक्रसलं. उठल्या. खुंटीवरची माझी पिशवी नाकाशी नेली आणि झटकन लांब धरली.

"या अल्ला! बाई, ह्याच्यात काय मेलं?"

काही मेलं नव्हतं. त्याच पिशवीतून मी प्रज्ञासाठी सुके बांगडे आणि सुकट आणली होती. डबा फडताळात ठेवला, पिशवी धुतली, उन्हात वाळवली आणि भाजीला न्यायला लागले. मला कसलाच वास येत नव्हता. आमच्याकडं तो वास म्हणजे हवा. पण मंगरूळपीरच्या कुत्र्यांच्या सात पिढ्यांत तो कुणी घेतला नसावा!

"तुमी त्यायले रोज जेवाचं निवतं देऊन राह्यल्या," आपा म्हणाल्या, "अन् जेवू कोनाले घालून नाई राह्यल्या. मंग ते मांगंमांगं नाई येतीन तं काय करतीन?"

प्रज्ञा पोट धरून हसत होती. "आये," ती म्हणाली, "आणि मी म्हणत होते, आईला कुत्री एवढी कशी ओळखतात!"

पहिली भाकर

पिशवी पुरली. म्हणजे खरंच अंगणात खड्डा करून पुरली, आणि काल्यानं ती उकरून काढली. मग आपांनी सांगितलं की आता ओळख रीतसर करून द्यावी लागेल.

त्यांच्या घरची रीत अशी: सकाळची पहिली भाकर गल्लीच्या कुत्र्यांची. लांबून फेकायची नाही. फेकली की भांडणं लागतात, असं त्या म्हणायच्या. पायरीवर बसायचं, तुकडा हातानं पुढं ठेवायचा, आणि मान राखून. पहिला तुकडा काल्याला, मग बाकीच्यांना.

"अन् टायगरला?" मी विचारलं.

"सगळ्यायच्या शेवटी. अन् सगळ्यायच्या समोर."

"अहो, पण तो माझा आहे ना!"

"म्हनूनच. तुमचं लाडकं म्हनून पहिले त्याले देसान तं बाकीचे त्याच्यावर दात धरतीन. आपलं मानूस असं लाडावून चालते का चार लोकांत?"

सकाळी सकाळी आपांच्या पायरीवर मी, शेजारी टायगर, समोर गल्ली. मी तुकडा ठेवून हात पटकन मागं घ्यायची. काल्या तुकडा घ्यायचा तो इतका अलगद, की आमच्याकडं पंगतीत पोळी वाढून घेणाऱ्यांनीही बघावं. टायगरचा चेहरा मात्र बघवत नव्हता. घरचा वाघ, आणि पंगतीच्या शेवटी! पहिल्या दिवशी त्यानं रुसून तुकडा नाकारला. तो काल्यानं खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून टायगर रुसला नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांना आपा त्यांच्या मुलाच्या रिक्षातून जनावरांच्या दवाखान्यात नेऊन सुई टोचून आणतात आणि ज्याला सुई झाली त्याच्या गळ्यात लाल पट्टी बांधतात. पट्टी कसली, रजईच्या कडेला जी मगजी लावतात तिचा उरलेला तुकडा. टायगरची सुई देवगडलाच झाली होती, हे मी सांगितलं. आपांनी त्याच्याही गळ्यात लाल मगजी बांधली. म्हणाल्या, "घ्या. आता हा गल्लीचा."

मी धीर करून मनातलं विचारलं. "आपा, पाळलेला कुत्रा माणसाला राखत नाही का हो?"

आपा दोरा दातानं तोडत म्हणाल्या, "चोर आला तं राखीन बी एखादं. पन दुसरे कुत्रे आले तं? बाई, ते लहानपनापासून तुमच्या हातचं खाऊन राह्यलं. त्याले वाटते, तुमीच त्याले राखता. भेव वाटलं तं ते तुमच्यापाशी येनार नाई तं कोनापाशी जाईन?"

मी टायगरकडं पाहिलं. तो आपांच्या कापसाच्या ढिगात झोपला होता.

वादळाची संध्याकाळ

मग एका सकाळी उन्हानं माझा घोळणा फुटला. नाकातून रक्त थांबेना. त्या दिवशी प्रज्ञाला तपासणीला जायचं होतं. आपा म्हणाल्या, तुमी पडून राहा, मी जाते पोरीसंगं. मुलाची रिक्षा काढून घेऊन गेल्या.

दुपार उलटल्यावर फोन आला. प्रज्ञाच होती. "आये, मला ठेवून घेतलंय. कळा सुरू झाल्यात, पण वेळ आहे म्हणतात. कपड्यांची पिशवी आण. आणि पेज. आणि बांगडा भाजून आण गं, तोंडाला चव नाही."

पेज शिजवली, बांगडा भाजून पानात गुंडाळला. निघणार तोच वादळ आलं. आभाळ तांबडं झालं, गल्लीभर धूळ, कुणाचं तरी पत्र्याचं छप्पर खडखडत गेलं. वीज गेली. नितीनचा फोन, "आई, खांब पडले, मी तिकडंच." आपांच्या मुलाची रिक्षा दवाखान्याकडून परत येईना, रस्त्यावर कडुलिंब आडवा पडला होता. दवाखाना लांब नाही. गल्ली संपते तिथं डीपीचा खांब, पुढं बाजाराचं मैदान, मैदान ओलांडलं की दवाखाना. पण मैदान वेगळ्या कुत्र्यांचं.

दिवेलागण झाली होती, दिवे नव्हते. मी डबा उचलला, पिशवी खांद्याला लावली, टायगरची दोरी घेतली. का घेतली? सवय. कुणी तरी बरोबर असावं.

डीपीचा खांब मागं टाकून थोडं पुढं गेले असेन, तेवढ्यात आडव्या पडलेल्या हातगाड्यांच्या मागून ती आली. यांच्या गळ्यात लाल काही नव्हतं. हळूहळू गोल झाली. बांगडा माझ्याच हातात होता आणि त्याचं निमंत्रण आख्ख्या मैदानाला गेलं होतं!

आता टायगरचं सांगते, सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. टायगर गुरगुरला नाही. तो माझ्याभोवती फिरला. एकदा, दोनदा, आणि दोरी माझ्या पायांना अशी गुंडाळली गेली की मला पाऊल टाकता येईना. मग तो माझ्या दोन पायांच्या मध्ये बसला आणि थरथरायला लागला.

मी नक्की पळाले असते. आणि आपांनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, पळू नका, पळालं की धरतात. टायगरनं मला पळूच दिलं नाही. आता याला कुणी राखणं म्हणत असेल तर म्हणू दे, मी त्याला नाही म्हणणार नाही.

ओरडू नका, हळू बोला, हेही आपांचंच. काय बोलायचं ते सुचेना. तोंडातून घरची बोली आली. "माका जावंक दिया रे बाबांनो. माझ्या चेडवाक कळो सुरू झाले." जाऊ द्या, लेकीला कळा सुरू झाल्यात, तेच तेच म्हणत राहिले. माझा आवाज रडका येत होता. कुत्री जवळ येत होती.

मग मागून चालत कुणी तरी आलं. धावत नाही, चालत. काल्या. त्याच्या मागं गल्लीतली आणखी दोन. लाल मगज्या धुळीतही दिसल्या. काल्या माझ्या पुढं येऊन उभा राहिला, शेपूट ताठ, आणि नुसता बघत राहिला, जसा पहिल्या दिवशी माझ्याकडं बघत होता. मैदानातल्या कुत्र्यांनी त्याच्याकडं पाहिलं. एकानं जमीन हुंगली. एकानं पाठ फिरवली. थोड्या वेळानं हातगाड्यांपाशी कुणी नव्हतं.

तेव्हा टायगर भुंकला. असा भुंकला की विचारू नका.

मी पायांची दोरी सोडवली. पानातला बांगडा काढला आणि खाली बसून त्याचा पहिला, मोठा तुकडा काल्यासमोर ठेवला. फेकला नाही. रोज निमंत्रण देत होते, जेवण त्या संध्याकाळी घातलं. दुसऱ्या दोघांना शेपटाकडचे तुकडे, आणि टायगर, खरं सांगते, शेवटपर्यंत आपला नंबर येईतो बसून राहिला. मग त्यालाही डोकं दिलं.

दवाखाना

आपा व्हरांड्यातच उभ्या होत्या. "आल्या का बाई! पोट्टी कव्हाची इचारून राह्यली." त्यांनी टायगरची दोरी माझ्या हातातून घेतली, माझ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि माझ्या पदराला लागलेली धूळ झटकली.

आत प्रज्ञा पलंगाची कड घट्ट धरून होती. मला बघून म्हणाली, "आये, कुत्री?"

"टायगरान राखल्यान गो माका," मी म्हटलं.

कळ येत होती तरी ती हसली. "खोटा सांगतंस," म्हणाली आणि माझा हात धरला, तो बाळ होईपर्यंत सोडला नाही. मुलगी झाली. नितीन आला तेव्हा त्याचे कपडे फाटलेले होते आणि दवाखान्यात दिवे लागले होते. बांगडा कुठं आहे, हे प्रज्ञानं दुसऱ्या दिवशी विचारलं. मीठ घातलेली पेज पीत पीत तिनं सगळं ऐकून घेतलं आणि अजून तिला ते पटलेलं नाही की कुत्र्यांना अख्खा बांगडा द्यायची गरज होती.

परत

निघायच्या आदल्या दिवशी आपांनी बाळाची रजई आणून दिली, लाल मगजीची. मग ओट्यावर बसून त्यांनी हळूच विचारलं, "बाई, समुद्र कसा असते?"

मी सांगायला लागले. पाणी, मग पुन्हा पाणी, आणि पलीकडं काही नाही. ते सतत पायाशी येतं आणि जातं. आपा सुई थांबवून ऐकत होत्या. "ज्याचा तळ दिसत नाई त्या पान्याचं मले लय भेव वाटते," त्या म्हणाल्या. "लहानपनी तलावात पाय घसरला होता. तव्हापासून तलावावर बी जात नाई. पन एकदा पाहाचा हाय."

म्हणजे आपांनाही भीती वाटते! मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचा कापूस लागलेला हात धरला. आता हे आपांना वाचून दाखवायला मी प्रज्ञाला सांगणार आहे, म्हणून शेवटचं तुमच्यासाठीच लिहिते, आपा. आंब्याच्या दिवसांत विलासची गाडी माल टाकून रिकामी परत येते, तिच्यातून तुम्हाला आणायचं मी ठरवून ठेवलंय. आमच्या किनाऱ्यावर तुम्ही उभ्या राहा आणि पाण्याशी काय बोलायचं ते माझ्यावर सोडा. त्याची माझी जन्माची ओळख आहे. लाट आली की पळू नका, माझ्या मागं उभ्या राहा आणि माझं लुगडं घट्ट धरा. थोडं सरकून घ्यावं लागेल, कारण टायगर तुमच्या आधीच तिथं असेल.